खळ्यातला ट्रक

आमच्या घरी ट्रक आला तो दुसऱ्या ट्रकच्या मागून, दोरखंडाने ओढत. खरवईच्या रस्त्यावरून आमच्या आळीत वळताना त्याचा एक दरवाजा निखळून पडला, आणि तो डोक्यावर घेऊन आमचे हे मागून चालत आले. एवढी मोठी वस्तू आमच्या आळीत कुणीच कधी घेतली नव्हती, त्यामुळे बघायला सगळे जमले. शेजारच्या घरात राहणाऱ्या माझ्या थोरल्या जाऊबाईंनी ट्रकभोवती एक फेरी मारली आणि मला हळूच विचारलं, याच्यात इंजिन असतं की ते वेगळं घ्यावं लागतं?

इंजिन होतं. ते चालत नव्हतं, एवढंच.

आता असा ट्रक मी घेऊ कसा दिला, हे सांगायला हवं. हे अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. लग्न झाल्यापासून रोज सकाळी सायकल काढायची, एक पाय पायडलवर ठेवायचा आणि मान मागे वळवून विचारायचं, "येताना काय आणू?" मग मी कधी कोथिंबीर सांगायची, कधी चहापावडर, कधी काहीच नको म्हणायची. नको म्हटलं की शिवमंदिराच्या बाजूने वळसा घालून तिथले पेढे आणायचे. हा प्रश्न मला कधी विशेष वाटला नाही. नवरे विचारतात, तसं हे विचारतात.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा कारखान्याला टाळं लागलं. हिशेब मिळाला आणि हे घरी बसले. घरी म्हणजे ओट्यावर, उजवीकडच्या खांबाला टेकून. सकाळी बसायचे ते जेवायला उठायचे, जेवून पुन्हा तिथेच. चिडणं नाही, ओरडणं नाही, दारू नाही. मला वाटायचं, निदान भांडावं तरी. पण भांडायलासुद्धा समोरून उत्तर यावं लागतं. आणि तो प्रश्न बंद झाला, कारण जाणंच नाही तर येताना काय आणणार? माणूस समोर बसलेला आणि तरी घरात नाही, याची मला फार भीती वाटायची. ती मी कुणाला सांगितली नाही. सांगितली असती तर जाऊबाईंनी लगेच अंगारा आणला असता.

अशात एकदा विहिरीच्या पंपाचा बोल्ट आणायला मी यांना उल्हासनगरला पिटाळलं. संध्याकाळी परतले ते फाटकापासूनच बोलत आले. जुन्या गाड्या तोडायच्या वखारीत एक ट्रक उभा आहे, नाकवाला, जुन्या पद्धतीचा, चेसी म्हणजे खालचा सांगाडा अगदी सरळ आहे, उद्या तोडतील, पाप आहे ते. आपण तो दुरुस्त करू, मागे उंच बॉडी बांधू आणि आपल्या भागातला पेंढा कल्याणच्या तबेल्यांना पोचवू. इतकं बोलले की आमटी निवून गेली. बोल्ट विसरले होते. मी ट्रकला हो म्हटलं ते ट्रकसाठी नाहीच, त्या बोलण्यासाठी म्हटलं.

अडचण एकच झाली. ट्रक ओढून आणणाऱ्याने दोर सोडला, तेव्हा तो बरोबर आमच्या खळ्यावर उभा होता. अंगणापुढची ती सपाट जागा. दसरा झाला की आम्ही ती खरवडतो, चोपतो, शेणाने सारवतो आणि तिथे भाताची झोडणी करतो. वर्षभराचा तांदूळ त्याच जागेतून घरात येतो. बाकीची जागा उताराची, दगडांची. मी यांना त्याच संध्याकाळी बजावलं, की भात कापणीला येईपर्यंत हा आपल्या पायांनी इथून गेला पाहिजे. नाही गेला तर भंगारवाल्याला निरोप धाडीन.

"दोन महिन्यांत पळेल," हे म्हणाले.

तेव्हा उन्हाळा नुकताच लागला होता. मी मनात म्हटलं, चार धरू.

पुढे जे झालं त्यातून मला ट्रकविषयी थोडं आणि नवऱ्याविषयी बरंच कळलं. पहिली गोष्ट म्हणजे, फिटर माणसाला मशीन बिघडलंय कुठे हे बघायचं नसतं, ते पूर्ण उघडायचं असतं. पंधरवड्यात इंजिनाचा एक तुकडा दुसऱ्याला चिकटलेला राहिला नाही. माझ्या धुण्याच्या दगडावर पिस्टन वाळत पडले. माझी मोठी परात रॉकेलमध्ये कायमची गेली. बारीकसारीक नट हरवू नयेत म्हणून यांनी ते माझ्या मिसळणाच्या डब्यात एका वाटीत ठेवले, आणि एकदा मोहरीबरोबर एक वॉशर फोडणीत पडला. तो तडतडेना म्हणून मला कळलं.

दुसरी गोष्ट, ट्रकखाली निजलेल्या माणसाला "झालं का?" असं कधी विचारू नये. तो उत्तर देत नाही, पण त्याच्या हातातून पाना पडतो आणि तो पाना पडल्याचा दोष आपल्यावर येतो.

सुट्या भागांसाठी उल्हासनगरच्या वाऱ्या सुरू झाल्या. तिथला सिंधी दुकानदार मोठा गोड माणूस. गेलं की आधी पापड आणि पाणी, मग माल. एकदा मीही सोबत गेले. यांनी विचारलं, हा डिझेलचा पंप कुठला? तो म्हणाला, "साईं, एकदम जर्मन." कुठला जर्मन, म्हणून हे खोदून विचारायला लागले, तर त्याने शांतपणे मागच्या गल्लीकडे बोट केलं. तिथे एक कारागीर लेथवर बसून जर्मनी तयार करत होता. पण माल चांगला निघाला हो. खोटं कशाला बोलू, त्या पंपाने पुढे कधी दगा दिला नाही. दगा दिला तो भरवशाच्या दुकानातून, पावती घेऊन आणलेल्या वस्तूंनी.

त्या दुकानदाराचा मेव्हणा सोफे बनवायचा. ट्रकची सीट फाटली आहे असं कळल्यावर दुकानदाराने त्यालाच काम देऊन टाकलं, आम्हाला न विचारता. आठवड्याने सीट आली. मरून रेक्झिन, गोल बटणं, दोन्ही बाजूंना फुगीर हात आणि पाठीवर पांढरी जाळीची पट्टी. आमच्या घरात तोवर एक लोखंडी खुर्ची होती. जाऊबाई रोज दुपारी निवडायची भाजी घेऊन ट्रकमध्ये जाऊन बसायला लागल्या. आत स्प्रिंगा इतक्या दणकट होत्या की बसणारा खाली कमी आणि वर जास्त असायचा. हे पहिल्यांदा बसले तेव्हा त्यांचं डोकं टपाला लागलं. सोफेवाल्याकडे तक्रार केली तर तो म्हणाला, गाडी दबली पाहिजे, माणूस कशाला दबला पाहिजे?

बॉडीचं काम मात्र यांनी आमच्या गावाकडच्या सुताराला दिलं, आणि तिथे खरी गंमत झाली. सुतार वयस्क, उंच आवाजाचा आणि स्वतःच्या कामावर भलता खूश. जन्मभर त्याने बैलगाड्या आणि धान्याच्या पेट्या केल्या होत्या. यांनी कारखान्यातल्या सवयीप्रमाणे कागदावर नकाशा काढून दिला, मापं टाकली, बाण काढले. सुताराने कागद उलटा धरून पाहिला आणि त्यात विडी ठेवली. मग ट्रकला चहूबाजूंनी वितीने मापलं आणि यांना विचारलं, बैल कुठं जुंपायचे?

बैल जुंपायचे नाहीत, हे यांनी त्याला बऱ्याच वेळा समजावलं. इंजिन दाखवलं. ते तेव्हा परातीत होतं, त्यामुळे फारसा प्रभाव पडला नाही.

"दादा, गाडी म्हंजे गाडी," सुतार म्हणाला. "आज नाय त उद्या, बैल लागंलच."

आणि त्याने बैलगाडीच बांधली, फक्त मोठी. बाजूच्या फळ्या वर जाताना बाहेर झुकलेल्या, तळ असा घट्ट की पाण्याचा थेंब खाली यायचा नाही. पेंढ्याच्या ट्रकला असला तळ कशाला हवा, हे म्हणाले. सुतार म्हणाला, फटी ठेवून काम करायला मी काय चोर आहे? शेवटच्या दिवशी हे उल्हासनगरला गेलेले पाहून त्याने बंपरखाली, सरळ चेसीला, एक जाडजूड लोखंडी कडी ठोकली. जू बांधायला. परत आल्यावर यांचा पारा चढला, कडी काढायला घेतली, पण ती असली बसली होती की छिन्नी वाकली. कडी तिथेच राहिली.

पावसाळा ट्रकवर ताडपत्री टाकून काढला. त्या दिवसांत हे ताडपत्रीखाली बसून इंजिन जुळवायचे आणि मी चहा आत सरकवायची. हळूहळू ते मला पुन्हा कामं सांगायला लागले, हे धर, तो दोन नंबरचा पाना दे, दिवा जरा खाली घे. मी बोनेटमध्ये डोकं घालून दिवा धरायची आणि मला बरं वाटायचं. मला आता हेही कळायला लागलं होतं की हवा धरलेली डिझेलची नळी आणि रुसलेला नवरा यांना एकाच पद्धतीने मोकळं करावं लागतं, थोडं सैल करून, वाट पाहून. भाद्रपदात इंजिन जोडून पूर्ण झालं. एक स्प्रिंग उरली. ती कुठली, हे शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून यांनी ती पुसून देवघरात ठेवली.

मग रंग. ट्रक चालू व्हायच्या आधी रंग कशाला, हे मी विचारलं. हे म्हणाले, त्याला जरा हुरूप येईल. कुणाला, ट्रकला?  शिवमंदिराजवळ फुलांच्या आणि पेढ्यांच्या दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर यांच्या ओळखीचा होता. त्याने नाकावर पिंडी काढली, पिंडीपुढे नंदी काढला. नंदीचा चेहरा जरा काळजीत दिसत होता. दोन्ही दरवाजांवर फुलांच्या वेली काढल्या आणि खाली, जन्मभराच्या सवयीने, सुबक अक्षरांत लिहिलं, "आमची कोठेही शाखा नाही." हे ट्रकवर कशाला, असं यांनी विचारल्यावर त्याने उलट विचारलं, का, आहे का कुठे?

रंगला, नटला, सोफा बसला, आणि ट्रक जागचा हलला नाही. हे हँडल मारून मारून घामाघूम व्हायचे. इंजिन खोकायचं, एक काळा ढग सोडायचं आणि गप्प. दसरा आला. ट्रकला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. लवकर तयार होणारं हळवं भात पिवळं पडलं, कापलं, भारे बांधून बांधावर रचले. आळीत सगळ्यांची खळी सारवून झाली. माझ्या खळ्यावर सहा टायर, एक नंदी आणि एक सोफा.

मी शब्दाची पक्की आहे. भंगारवाल्याला निरोप धाडला.

तो दुसऱ्याच सकाळी आला. ट्रकभोवती फिरला, बोटांनी पत्रा वाजवला, नंदीकडे पाहून हसला आणि बोनेट उचलून आत वाकला. मी यांच्याकडे पाहिलं.  यांनी हातातला पाना पुसला, फडक्यात गुंडाळला, ट्रकच्या पायरीवर ठेवला आणि जाऊन ओट्यावर बसले. उजवीकडच्या खांबाला टेकून. पाय तसेच, हात तसेच, नजर तशीच.

 ते सगळे महिने, ती परात, तो वॉशर, सगळं करून आम्ही पुन्हा त्याच खांबाशी आलो होतो. मी भंगारवाल्याला चहा दिला आणि सांगितलं, ट्रक विकायचा नाही, चुकून निरोप गेला. त्याने विचारलं, मग बाई, तो इथे काय करणार? मी म्हटलं, उभा राहील.

तो गेला आणि मला असा राग आला की कुणावर काढू समजेना. ट्रकवर, सुतारावर, जर्मनीवर, खांबावर. भात तर झोडायलाच हवं होतं. मी बांधावरून एक भारा उचलला, ट्रकशी आले आणि तो सरळ वर बॉडीत फेकला. मग दुसरा. मग लुगडं खोचून स्वतः चढले, झोडायचा लाकडी ओंडका वर ओढून घेतला आणि भाताच्या मुठी त्यावर आपटायला सुरुवात केली. जाऊबाई धावत आल्या. त्यांना वाटलं मला लागिर झालं.

अर्ध्या तासात माझा राग उतरला, कारण खाली पाहिलं तर चमत्कार. खळ्यावर झोडताना दाणे चहूकडे उडतात, कोंबड्या येतात, शेजारची शेळी येते, खडे मिसळतात, निम्मा दिवस हाकलण्यात जातो. इथे बाहेर झुकलेल्या फळ्यांना आपटून दाणा न् दाणा आत पडत होता, आणि त्या घट्ट तळातून एक गळत नव्हता. वर वारं चांगलं लागत होतं, पाखडायला सोपं. कोंबड्या खाली उभ्या राहून वर बघत होत्या. जाऊबाईंनी ओंजळभर भात हातात घेऊन पाहिलं, एक खडा नाही. त्या म्हणाल्या, "माझं कवा झोडायचं?"

झालं. दोन दिवसांत आळीतल्या सगळ्या बायकांना ट्रकवर झोडायचं होतं. प्रत्येकीचे भारे आमच्या दारी आणण्यापेक्षा ट्रकच दारोदार नेला तर बरं, असं कुणीतरी सुचवलं, आणि सगळ्यांच्या नजरा एकाच वेळी बंपरखालच्या कडीकडे गेल्या. सुताराला निरोप द्यावा लागला नाही. तो आपणहून, टोपी घालून आला.

बैलांच्या दोन जोड्या जुंपल्या, मागून ढकलायला सगळी आळी. पण स्टिअरिंग धरायला आणि ब्रेक मारायला माणूस लागणार, आणि तो एकच होता. हे ओट्यावरून उठेनात. मी म्हटलं, मग मी बसते. त्यावर मात्र उठले. मी ट्रक चालवला असता तर कुणाच्या घरात शिरला असता, ते त्यांना माहीत होतं. ब्रेक यांनी सगळ्यात आधी दुरुस्त केले होते, ते उत्तम लागत होते. डोक्याला पंचा गुंडाळून, निम्मं तोंड झाकून हे मरून सोफ्यावर बसले, आणि पुढे बैल, मध्ये नंदी, मागे आळी अशी आमची मिरवणूक निघाली. जांभूळ गावाकडे सायकलवरून कामाला जाणारे लोक उतरून बघत होते. एकाने दरवाजावरची पाटी मोठ्याने वाचली. यांनी पंचा आणखी वर ओढला.

असं एका दारातून दुसऱ्या दारी चाललं होतं. यांची मान रोज खाली खाली जात होती. कारखान्यात सुताच्या मापाने काम केलेला माणूस, आणि बैलांच्या मागे बसून खळं हाकतोय. मला वाईट वाटायचं, पण निदान ते खांबाशी नव्हते, एवढ्यावर मी समाधान मानायची.

आळीच्या शेवटी ओहोळाकडे मोठा उतार आहे. तिथे बैल सोडून द्यायचे आणि ट्रक ब्रेक धरत धरत हळूहळू खाली सोडायचा, असं ठरलं होतं. बैल सुटले. वर बॉडीत पेंढ्यावर मी, जाऊबाई आणि आणखी चार बायका बसलेल्या. ट्रक सरकायला लागला, थोडा वेग आला, आणि तेवढ्यात खालून एक असा दणका बसला की जाऊबाई माझ्या मांडीत आल्या. यांनी गिअर टाकून क्लच सोडला होता. इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं, काळा ढग आला, आणि मग ते सुरू झालं. सुरूच राहिलं. सगळा ट्रक अंगात आल्यासारखा थरथरत होता, पेंढा उडत होता, बायका देवाची नावं घेत होत्या, आणि मी ओरडत होते की थांबवू नका, थांबवू नका.

हे थांबवणार नव्हतेच. बंद केलं तर पुन्हा सुरू होईल याची खात्री त्यांनाही नव्हती. ओहोळाशी ट्रक फिरवून चढ चढून वर आणला आणि आमच्या दारापुढे इंजिन धडधडत ठेवूनच उभा केला. आम्ही बायका भराभरा खाली उतरलो, झोडलेलं भात पोत्यांत भरून उतरवलं. मागे पेंढा तेवढा राहिला. सुतार कडीवर हात ठेवून सगळ्यांना सांगत होता, की बैलांनी ओढला म्हणूनच सुरू झाला.

यांनी तोंडावरचा पंचा काढला होता. चेहऱ्यावर काजळी, केसांत पेंढा. म्हणाले, आता असाच कल्याणला जातो, तबेल्यात पेंढा टाकून येतो. गिअर टाकला, ट्रक हलला, आणि चार हात पुढे जाऊन पुन्हा थांबला. मला वाटलं बंद पडला. पण खिडकीतून मान बाहेर आली, मागे वळली.

"येताना काय आणू?"

 सगळी आळी माझ्याकडे बघत होती आणि माझे डोळे भरून आले होते. नको म्हणायची मात्र हिंमत झाली नाही.

"मीठ आणा," मी म्हटलं.

घरात मिठाचा रांजण भरलेला होता. तरी मीठ त्याच संध्याकाळी आलं, पिशवीतून, यांच्याबरोबर चालत. ट्रक दुसऱ्या दिवशी आला, बैलांच्या मागून.